कचेरी बंद होताना विचारले जाण्याचा हक्क
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यवाहांनी या संमेलनात चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा मी 'मुलांचे वाचन' किंवा 'गृहसंस्कार' असा एखादा विषय घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत बाराखडी व पाढे शिकविणाऱ्या, केवळ मॅट्रिक झालेल्या माणसाने त्यापलीकडे जाऊ नये, हेही खरेच. तथापि आजचा विषय माझ्या अभ्यासातून आलेला नसून माझ्या हातून घडलेल्या एका चुकीतून आलेला आहे. आणि तशीच चूक या सभागृहात बसलेल्या अनेक वडीलधाऱ्यांच्या हातून उद्या घडू शकेल, असे वाटल्यावरून मी तो निवडला आहे.

माझा एक भाचा पुण्यास हिंजवडी येथे एका परदेशी कंपनीच्या संगणक-कचेरीत अकरा वर्षे नोकरीस होता. २०२३ सालच्या मार्च महिन्यात एके दिवशी सकाळी सर्वांना सभागृहात बोलावून सांगण्यात आले की, ही कचेरी महिनाअखेर बंद होणार. कारण म्हणून चार इंग्रजी वाक्ये वाचून दाखविली. मग एकेकास स्वतंत्र खोलीत नेण्यात आले. टेबलावर दोन कागद. एक राजीनाम्याचा, ज्यावर त्याचे नाव आधीच छापलेले. दुसरा हिशेबाचा, ज्यात दोन महिन्यांचा पगार अधिक देण्याचे आश्वासन. मात्र सही संध्याकाळच्या आत झाली पाहिजे. न केल्यास 'कामावरून कमी केले' असा शेरा पडेल, आणि पुढे कोठे नोकरी मिळणे कठीण जाईल, असे सौम्य शब्दांत समजावून सांगण्यात आले.

दुपारी तीनच्या सुमारास त्याचा मला दूरध्वनी आला. "मामा, काय करू? तुम्ही सांगाल तसे करतो."

मी काय सांगितले असेल, ते आपण ओळखले असेल. मी म्हणालो, "सही करून मोकळा हो. मोठ्या लोकांशी वाद घालू नये. तुझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरू घातले आहे. अशा वेळी कचेरीत भांडण झाले, असे बाहेर जायला नको." त्याने ऐकले. पाच वाजता त्याचा संगणक व ओळखपत्र काढून घेण्यात आले, आणि अकरा वर्षांचा मनुष्य एका पिशवीत पाण्याची बाटली व मुलीचे छायाचित्र घेऊन घरी आला.

आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ कामगार खात्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. पुढे महिन्याभराने एका मुंजीत त्यांची गाठ पडली. मी सहज हकीगत सांगितली. पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी पत्रावळीच्या कडेला बोटाने हिशेब मांडला. कामगारकपात झाल्यास किंवा आस्थापना बंद झाल्यास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. अकरा वर्षांचे एकशे पासष्ट दिवस, म्हणजे साडेपाच महिने. शिवाय एक महिन्याची सूचना अथवा तिच्याबद्दलचे वेतन. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी हे तर त्याच्या मालकीचेच. ते देण्यात कोणी उपकार करीत नाही. "पण गुरुजी," ते म्हणाले, "ज्याने राजीनामा दिला त्याची कपात झालीच नाही. भरपाई कपातीची असते, राजीनाम्याची नसते. एका सहीने सारे गेले."

त्या सहीस मी जबाबदार होतो. त्या दिवशी श्रीखंड गोड लागले नाही.

तेव्हापासून मी हा विषय शाळकरी पोराप्रमाणे मुळापासून शिकू लागलो. प्रथम शब्दांपासून आरंभ केला, कारण मास्तराची खोड जात नाही. आपली मुले सर्रास 'लेऑफ झाला' असे म्हणतात. आपल्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे काम तात्पुरते थांबणे. त्या काळात नोकरी शाबूत असते आणि ठरावीक अटींवर निम्मे वेतन मिळते. कायमचे काढले, तर ती 'कपात'. सारी आस्थापनाच मिटली, तर ते 'बंद करणे'. शब्द चुकला की हक्कही चुकतो, हे माझ्या भाच्याच्या उदाहरणावरून मला पटले. त्याच्या कागदावर तर तिसराच शब्द होता.

अभ्यास करता करता मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. १९९७ साली आमच्या शाळेची एक तुकडी पटसंख्येअभावी बंद झाली आणि मी 'अतिरिक्त' ठरलो. हा शब्द शिक्षकाच्या कानाला किती झोंबतो, ते येथे बसलेल्या शिक्षकबंधूंना ठाऊक आहे. परंतु खासगी शाळांच्या सेवकांसाठी १९८१ साली केलेल्या नियमावलीत अशा प्रसंगाची पद्धत घालून दिलेली होती. सेवाज्येष्ठतेची यादी असावी, तिच्यावर हरकती घेता याव्यात, कायम सेवकास तीन महिन्यांची सूचना मिळावी, शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वसंमती घ्यावी, आणि त्या शिक्षकास दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याचा प्रयत्न व्हावा. यादी फळ्यावर लागली. माझ्या नेमणुकीची तारीख चुकीची लागली होती; मी अर्ज केला, ती दुरुस्त झाली. तरीही मीच सर्वांत कनिष्ठ निघालो, ही गोष्ट वेगळी! चार महिन्यांनी मला चौदा किलोमीटरवरील शाळेत सामावून घेतले. मी तेव्हा सरकारास भरपूर नावे ठेवली. सायकलीने येता-जाता ठेवीतच होतो. आज वाटते, ज्या मास्तरास महिन्याकाठी अल्प वेतन होते, त्याला तीन महिने आणि एक अर्ज मिळाला. आणि ज्याचा पगार माझ्या दसपट होता, त्या अभियंत्याला पाच तासदेखील मिळाले नाहीत.

आता विलायतेकडे वळतो. तिकडे वळण्याचे कारण घरचेच आहे. माझ्या धाकट्या बंधूंची कन्या इंग्लंडमध्ये संगणकाच्याच व्यवसायात आहे. तिच्याही कंपनीने तेथील कचेरी बंद करण्याचे मनात आणले. शंभरांहून अधिक माणसांचा प्रश्न होता. भाच्याचा प्रकार ताजा असल्याने मी तिला विचारले, "सही केव्हा मागितली?" ती हसून म्हणाली, "काका, अजून आमची निवडणूकच व्हायची आहे."

निवडणूक कशाची, तर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींची. ब्रिटनमध्ये १९९२ चा एक कायदा आहे. एकाच आस्थापनेतून नव्वद दिवसांच्या आत वीस किंवा अधिक माणसे कमी करण्याचा मालकाचा बेत असेल, तर त्याने मान्यताप्राप्त संघटनेशी, आणि ती नसेल तर निवडून दिलेल्या प्रतिनिधींशी, सल्लामसलत केलीच पाहिजे. पहिली कपात प्रत्यक्षात येण्यापूर्वी किमान तीस दिवस ही मसलत सुरू व्हावयास हवी. संख्या शंभर किंवा अधिक असेल तर पंचेचाळीस दिवस. पूर्वी हे नव्वद दिवस होते, ते २०१३ साली घटविण्यात आले. मालकाने लेखी सांगावयाचे: कारण काय, माणसे किती व कोणत्या कामावरची, निवड कोणत्या कसोटीने करणार, भरपाई कशी मोजणार. आणि बोलणे कशावर करावयाचे? कपात टाळता येईल काय, संख्या कमी करता येईल काय, आणि ज्यांना जावेच लागेल त्यांचा भार हलका करता येईल काय, या तीन गोष्टींवर. तेही केवळ ऐकून घेण्याचा उपचार म्हणून नव्हे, तर एकमत व्हावे या हेतूने, असे कायद्याचे शब्द आहेत. हे न केल्यास मालकाला प्रत्येक बाधित माणसामागे भरपाई मोजावी लागते.

या नियमाचा उगम मनोरंजक आहे. १९७३ साली एका डच-जर्मन उद्योगसमूहाला निरनिराळ्या देशांतील हजारो कामगार कमी करावयाचे होते. कोणत्या देशात माणसे काढणे स्वस्त पडते याची त्याने तुलना केली, आणि जेथे स्वस्त तेथेच कुऱ्हाड चालविली, अशी हकीगत सांगतात. त्यावरून युरोपीय देशांनी १९७५ साली समाईक नियम केला की, मोठ्या कपातीपूर्वी कामगारांना विश्वासात घ्यावे. पुढे २००५ साली युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, मसलत पुरी होण्याच्या आधी नोकरीवरून कमी केल्याची नोटीसच देता येत नाही. माझ्या मते सारा मुद्दा या 'आधी' शब्दात आहे. निर्णय झाल्यावर जे विचारतात, ते विचारणे नव्हे, ती बातमी.

मी विलायतेचे गोडवे गातो आहे, असे कोणी समजू नये. माझ्या पुतणीची कचेरी बंद पडावयाची ती पडलीच. ती प्रतिनिधी म्हणून निवडून आली, रात्री जागून तक्ते तपासले, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्या बैठकांत वरिष्ठ मंडळी ठरलेलेच उत्तर घेऊन येत. शिवाय तेथे व्हिसावर असलेल्या आपल्या मुलांचा घोर निराळाच. पुरस्कर्ता मालक सुटला की त्यांचा मुक्काम बहुधा साठ दिवसांवर येतो. अमेरिकेतही एच-वन-बी वाल्यांना साठच दिवस. अशा मुलाला मसलतीचे पंचेचाळीस दिवस म्हणजे केवळ हक्क नव्हे, तर श्वास घेण्यास अवधी असतो. तथापि काही गोष्टी पदरात पडल्या. सुमारे वीस जणांची दुसऱ्या शहरातील कचेरीत सोय लागली, शाळेत जाणारी मुले असलेल्यांसाठी शेवटची तारीख सत्र संपेपर्यंत पुढे गेली, आणि एका गरोदर मुलीस कसोटीत कमी गुण दिले होते, ते प्रतिनिधींनी दाखविताच दुरुस्त झाले. हे सर्व शक्य झाले, कारण प्रतिनिधींपुढे कागद होते आणि हातात दिवस होते.

मग आपल्या देशात असे काहीच नाही काय? हा प्रश्न मी त्या कामगार खात्याच्या गृहस्थांना विचारला. ते म्हणाले, "आहे, पण ज्याला सांगायला हवे त्याला सोडून." याचा अर्थ पुढे वाचल्यावर कळला. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून गेला आणि त्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. जुन्यात होते तेच नव्यातही आहे: पन्नास किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना बंद करण्यापूर्वी साठ दिवस आधी कारणांसह सूचना द्यावी. मात्र ती द्यावयाची सरकारला! ज्याच्या चुलीवर पाणी पडणार, त्याच्याशी बसून बोलावे, असे बंधन नाही. अमेरिकेचा १९८८ चा कायदा शंभर व अधिक नोकरांच्या मालकाला तेच साठ दिवस सांगतो, पण सूचना खुद्द कामगारांना किंवा त्यांच्या संघटनेलाही मिळते. आपल्याकडे सरकारची पूर्वपरवानगी लागते ती कारखाने, खाणी व मळे यांनाच; तेथेही कामगारसंख्येची मर्यादा शंभरावरून तीनशेवर नेली आहे. संगणकाची कचेरी कितीही मोठी असली तरी त्या दालनात ती येत नाही.

आणि तरीही मसलतीची कल्पना आपल्या मातीस परकी नाही. १९४७ च्या कायद्यातच शंभर कामगारांच्या आस्थापनेत मालक व कामगार यांची समसमान कार्यसमिती नेमण्याची तरतूद होती. ती नव्या संहितेतही आहे. १९७६ साली राज्यघटनेत ४३-अ हे कलम घालून उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे धोरण म्हणून स्वीकारले गेले. इतकेच नव्हे, तर नवे तंत्र किंवा यंत्र आणल्यामुळे कपात होण्याचा संभव असेल, तर त्या बदलाची एकवीस दिवस आधी कामगारांना सूचना द्यावी, असा नियम जुन्या कायद्यात होता व नव्यातही आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेऊन माणसे कमी केली जातात, तेव्हा हा एकवीस दिवसांचा नियम किती कचेऱ्यांत कोणाला आठवतो?

माझे थोरले चुलते मुंबईस गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे अनेक गिरण्या बंदच पडल्या. त्या कामगारांचे हाल आपल्या ज्ञातीने जवळून पाहिले आहेत. पण ते कामगार आहेत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आमच्या अभियंत्यांची अडचण नेमकी येथे आहे. भाच्याला मी 'तू कायद्याने कामगार आहेस' असे म्हणालो, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "मामा, मी मॅनेजर आहे," तो म्हणाला. त्याच्या कार्डावर तसे छापलेले होते. मी विचारले, "तुझ्या हाताखाली किती माणसे?" एकही नाही. "कोणाची एक दिवसाची रजा तू मंजूर करू शकत होतास?" नाही. दिवसभर तो स्वतः संगणकाच्या आज्ञावली लिहीत व तपासत असे. कायदा पाटी पाहत नाही, मुख्य काम पाहतो. तांत्रिक, कुशल किंवा लेखनिकाचे काम करणारा कामगार ठरतो. त्याला पगाराची वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती पर्यवेक्षण करणाऱ्यास, संहितेप्रमाणे दरमहा अठरा हजार रुपये. ज्याचे मुख्य काम खरोखर व्यवस्थापनाचे, तो मात्र बाहेर. 'पगार मोठा म्हणून कायदा नाही' ही समजूत आपल्या घराघरांत आहे, आणि ती चुकीची आहे.

यात मौज अशी की, मी मात्र कामगार नाही! १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, शाळा हा उद्योग मानला तरी शिक्षक कामगार नव्हे. आम्हा शिक्षकांना वेगळी नियमावली आहे म्हणून निभावले. संगणकवाल्यांना वेगळी नियमावली नाही. त्यांनी हाही दरवाजा आपण होऊन लावून घेतला, तर उरले काय? आणि दरवाजा ठोठावणाऱ्यास कधी तो उघडतो, हेही सांगितले पाहिजे. २०१५ च्या जानेवारीत एका मोठ्या संगणक-कंपनीतील गर्भवती कर्मचारिणीने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. तिला नोकरीवरून काढण्यास न्यायालयाने स्थगिती दिली.

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. अप्रिय वाटले तर वडीलकीने क्षमा करावी. भाचा त्यानंतर सात महिने रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत असे. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. तो वाचनालयात बसे. बहिणीचे लग्न पार पडेपर्यंत मीही त्या नाटकात सामील होतो. आपल्या मंडळाच्या स्थळसूचीत मी मुद्दाम पाहिले: नोकरी सुटलेल्या एकाही मुलाचे नाव तसे लिहिलेले नाही. आपल्या ज्ञातीत या दोन-तीन वर्षांत एकाचीही नोकरी गेली नाही, हे कोणी मानील काय? ज्या गोष्टीची लाज वाटते ती गोष्ट माणूस कोणास विचारीत नाही. आणि जो विचारीत नाही, तो संध्याकाळच्या आत सही करतो. माझा भाचा बाहेरच्या कोणाला विचारू शकला नाही, म्हणून त्याने मला विचारले, आणि मला काही ठाऊक नव्हते.

म्हणून मी कार्यकारिणीपुढे एक अर्ज ठेवला आहे. मंडळाच्या कचेरीत दर रविवारी सकाळी दोन तास ते कामगार खात्यातील निवृत्त गृहस्थ बसावयास तयार आहेत. वकिली करणारे दोन ज्ञातिबंधूही आळीपाळीने येतील. शिष्यवृत्तीस जसा निधी आहे, तसा अशा प्रसंगी पहिल्या अर्जाच्या खर्चापुरता निधी असावा. तोपर्यंत घरोघरी एवढे तरी सांगावे. राजीनाम्याचा कागद पुढे आला, तर एक रात्र मागून घ्यावी. नेमणुकीचे पत्र, पगारपत्रके, वार्षिक मूल्यमापन, आपण काय काम करीत होतो याचा लेखी पुरावा, हे स्वतःचे कागद घरी असावेत. संगणक परत गेल्यावर ते मिळत नाहीत. कपात झाल्यास मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनःप्रशिक्षण निधीत भरावयाची असते आणि ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात यावी, अशी नव्या संहितेत सोय आहे, ती मागावी. अखेरचे वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळाले पाहिजे. आणि मुलाने घरी फोन केला, तर वडीलधाऱ्यांनी आधी एवढेच विचारावे, "कागदावर काय लिहिले आहे ते वाचून दाखव."

भाच्याने २०२३ सालीच, मुदतीच्या आत, कामगार कचेरीत अर्ज केला. राजीनामा दबावाखाली घेतला, असे त्याचे म्हणणे. तो स्वखुशीचा होता आणि अर्जदार व्यवस्थापक होता, असे कंपनीचे म्हणणे. त्याला आता दुसरी नोकरी आहे, पगार पूर्वीपेक्षा कमी. प्रकरण चालू आहे. त्या दुपारी दूरध्वनीवर काय बोलणे झाले, हे साक्षीत सांगावयास मी तयार आहे, असे मी त्याच्या वकिलांना कळविले. त्याचा उपयोग होईल की नाही, ते त्यांनी अद्याप सांगितलेले नाही. पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. 'मी बरोबर येऊ काय?' असे या वेळी मीच त्याला विचारले. तो म्हणाला, "या मामा, पण गाडी सकाळी सहाची आहे."